एका वेळी एकच मशीन

फुंकरमामांना हे नाव पडलं त्याला आता जमाना लोटला. तेव्हा व्हिडिओ गेम प्लास्टिकच्या जाड कॅसेटमध्ये यायचे, आणि चालेनासे झाले की अख्खी दुनिया त्या कॅसेटमध्ये फुंकर मारायची. मामाही मारायचे. फुंकरीनं काही होत नाही, काढून परत घातली की कॅसेट आपोआप नीट टेकते, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पण फुंकर मारल्याशिवाय गिऱ्हाइकाला दुरुस्ती झाल्यासारखं वाटत नसे. पुढे कॅसेटी गेल्या, डिस्क आल्या, मामांचे केस गेले. नाव तेवढं राहिलं.

टीव्हीला जोडायची गेमची मशीन, म्हणजे कन्सोल, दुरुस्त करायचं त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. तिथं ताठ उभं राहिलं की डोकं आपटतं, त्यामुळे आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आपोआप नम्र होतं. एक टेबल, एक दिवा, स्क्रू ठेवायला घरून पळवलेल्या स्टीलच्या वाट्या. मामा काही लिहून ठेवत नसत, सगळा कारभार डोक्यात. म्हणून नियम मात्र कडक होते. टेबलावर एका वेळी एकच मशीन. काम झालं की स्वतःच्या जुन्या रेसिंग गेमची डिस्क घालून बघायची. आणि शेवटच्या स्क्रूवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे मागाहून कोणी मशीन उघडलं तर कळावं. ती नेलपॉलिश बायकोनं स्वतः कधी लावल्याचं कोणाला आठवत नाही.

मामांचे थोरले भाऊ रेडिओ दुरुस्त करायचे. हातात जादू होती. साठीला आले आणि एके दिवशी त्यांनी एका रेडिओचा स्पीकर दुसऱ्याच रेडिओत बसवला. सगळे हसले, तेही हसले. मग एकदा दुकानातून घरी यायला वाट चुकले. आता ते खिडकीशी बसून असतात आणि मामांना ‘मास्तर’ म्हणून हाक मारतात.

तेव्हापासून मामांच्या घरातून ‘विसरलो’ हा शब्दच हद्दपार झाला. दूध आणायचं राहिलं तर दूधवाल्याचं दुकान बंद असायचं. चष्मा सापडेना तर तो कोणीतरी हलवलेला असायचा. बायको ऐकून घ्यायची. मामांना नुकतंच साठावं लागलं होतं.

अशात बसड्रायव्हरांचं मशीन आलं. हे रिटायर झालेले गृहस्थ. जन्मभर बस चालवून हौस फिटली नाही, म्हणून आता सोफ्यावर बसून ट्रक चालवायचे. त्यांच्या कन्सोलचा पंखा घोंघावत होता. मामांनी ते उघडलं, तेवढ्यात दातांची डॉक्टरीण हजर. तिचंही तेच मॉडेल, तीच तक्रार, आणि ती घाईत. ती दारातच वाकून उभी राहिली, मामांना तिच्या मानेची दया आली आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन मशीन शेजारी शेजारी उघडली. धूळ काढली, चिप थंड ठेवणारी पेस्ट बदलली, दोघांची रवानगी केली.

आठवडा कामाविना थंड गेला आणि ड्रायव्हर परत आले.

“मामा, आवाज गेला. पण डिस्कही गेली. मी बहिणीकडे गेलो होतो, काल आलो. ट्रकची डिस्क घातली तर हे बेणं ओळखच दाखवत नाही.”

“ठेवून जा, डिस्कसकट. उद्या बघतो.”

झाकण निघालं आणि मामांनी दिवा जवळ ओढला. आतला डिस्क ड्राइव्ह, म्हणजे डिस्क फिरवून वाचणारा भाग, मशीनपेक्षा नवा होता. लेबलवरचं सालच सांगत होतं. तो या मशीनचा नव्हताच.

कॉम्प्युटरचं एक बरं असतं. त्यात कुठलाही भाग कोणाशीही नांदतो. रॅम इथली, कार्ड तिथलं, ड्राइव्ह भलत्याच कंपनीचा, तरी संसार चालतो. कन्सोलचं तसं नाही. तिथं ड्राइव्ह आणि मदरबोर्डची गाठ कारखान्यातच मारलेली. दुसऱ्याचा ड्राइव्ह आणून लावला तर डिस्क फिरते, पण बोर्ड तिला दारात उभी करत नाही. म्हणजे मामांनी दोन मशीनचे ड्राइव्ह अदलाबदल केले होते. दुसरं काय असणार?

त्यांनी वाटीतले स्क्रू चाळले. लाल ठिपका एकावरही नव्हता. म्हणजे तोही द्यायचा राहिला? निदान डिस्क घालून पाहिली होती का? खण उघडला. रेसिंगची डिस्क तिथं नव्हती. टेबलाखाली नव्हती, वाट्यांमागे नव्हती. मामा स्टुलावर बसले. स्पीकर असाच बदलला होता दादांनी.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “बाई, तुमच्या मशीनमध्ये डिस्क चालते का?”

“डिस्क? मामा, त्याला डिस्कचं तोंड आहे हेच मला आत्ता कळतंय. मी सगळं डाउनलोड करते.”

सगळ्या दवाखान्यात एक डिस्क नव्हती. शेवटी मामा ड्रायव्हरांचीच ट्रकची डिस्क पिशवीत घालून गेले. मागच्या खोलीत, दातांच्या प्लास्टरच्या साच्यांशेजारी, बाईंचं मशीन होतं. मामांनी डिस्क आत सरकवली. पडद्यावर ट्रक आला.

“चालतंय की,” बाई म्हणाल्या. “पण पुढच्या मशीनला हे तोंडच नसणार म्हणतात. आणि त्याच्या पुढे तर मशीनच नसणार. गेम नळाच्या पाण्यासारखा घरात येणार.”

“आणि नळ बंद केला की?” मामांनी सवयीनं विचारलं, पण मन जाग्यावर नव्हतं. बाईंचा ड्राइव्ह बाईंचाच होता. म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. मग ड्रायव्हरांच्या मशीनमधला ड्राइव्ह कोणाचा? कुठलं तरी तिसरं मशीन आपण उघडलं, त्यातला ड्राइव्ह काढला, आणि ते मशीन आपल्याला आठवतसुद्धा नाही. चूक परवडली असती. हे भलतंच होतं.

घरी त्या रात्री त्यांनी अळणी भाजी तशीच खाल्ली. बायकोनं विचारलं, “अहो, काय झालं?” तर म्हणाले, “कुठं काय.” तिनं मीठ पुढं सरकवलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा मशीन घेऊन ड्रायव्हरांच्या घरी गेले. मनाशी ठरलं होतं. खरं काय ते सांगायचं, नुकसान भरून द्यायचं आणि दुकानाला कुलूप लावायचं. तसंही डिस्क जाणार, खोकी जाणार, आपण त्यांच्या आधी गेलो तर काय बिघडलं?

दार ड्रायव्हरांच्या मुलानं उघडलं. हा बँकेत नोकरीला, पण जीव सगळा कॉम्प्युटरमध्ये. काचेची बाजू असलेलं, आतून लग्नघरासारखं उजळलेलं त्याचं मशीन बैठकीत टेबलावरच होतं. ते त्यानं स्वतः एकेक भाग जमवून जोडलं होतं, आणि बापाच्या कन्सोलला तो ‘कुलूपबंद डबा’ म्हणायचा. बाप म्हणायचा, डबा असला तरी माझा बटण दाबलं की चालतो, तुझा आधी अर्धा तास अपडेट होतो. हा वाद त्या घरात जेवणाइतकाच नेमानं चालायचा.

“मामा, माझं एक चुकलंय,” मामांनी सुरुवात करायच्या आतच तो म्हणाला, “तुम्हाला न विचारता मी ते मशीन उघडलं. म्हणजे तुमचा राग नाही ना? पण नवा ड्राइव्ह मस्त आहे, आवाज अजिबात नाही.”

“कुठला नवा ड्राइव्ह?”

“मी बसवलेला. बाबा आत्याकडे गेले होते ना, म्हटलं त्यांना चकित करू. जुना फार खरखरायचा. बंद पडलेल्या मशीनमधला एक मिळाला, नव्या सालचा. तुमचा तो लाल ठिपका ब्लेडनं खरवडावा लागला.”

मामांना बसावंसं वाटलं, म्हणून ते बसले.

“लावल्यावर डिस्क घालून बघितलीस?”

“त्यात काय बघायचं? ड्राइव्ह तो ड्राइव्ह.”

“अरे बाबा,” आतून ड्रायव्हर गरजले, “तू माझ्या गाडीचं इंजिन बदललंस आणि किल्लीसुद्धा फिरवून पाहिली नाहीस?”

मुलाला गाठीची गोष्ट समजावून सांगावी लागली. त्याचा चेहरा उतरला. “असं कोण करतं? माझ्या मशीनमध्ये...”

“तुझ्या मशीनमध्ये नाही करत. म्हणून तुला तिथं सगळं बदलता येतं आणि म्हणूनच काही ना काही बिघडतं. आणि इथं काही बदलता येत नाही, म्हणून बापाला सोफ्यावरून उठावं लागत नाही. दोन्ही आपापल्या जागी बरी आहेत. जुना ड्राइव्ह कुठाय?”

तो कपाटात होता, पिशवीत गुंडाळून. टाकून दिला नव्हता, कॉम्प्युटरवाले काही टाकत नाहीत. मामांनी तो हातात घेतला, जरा कलता केला, आणि आत काहीतरी सरकलं. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. झाकण उचकटलं.

आत त्यांची रेसिंगची डिस्क होती.

म्हणजे त्यांनी डिस्क घालून पाहिली होती. नियमाप्रमाणे, ठिपका देण्याआधी. आणि पाहून झाल्यावर ती काढायला विसरले होते, जसे गेली तीस वर्षं अधूनमधून विसरत होते. मामा हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. त्यांनी जुना ड्राइव्ह तिथंच बसवला, ट्रकची डिस्क घातली. ड्राइव्ह नेहमीसारखा खरखरला आणि ड्रायव्हर सोफ्यावर सरसावून बसले.

मामा घरी आले ते जिना चढून धापा टाकतच. बायकोला सगळं सांगितलं, अगदी भीतीसकट. ती ऐकता ऐकता खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“मला वाटत होतं, आपलं काही राहतंय हे तुम्हाला कळतच नाहीये,” ती म्हणाली. “चार महिने झाले, मी मुद्दाम रोज काही ना काही आणायला सांगते. किती राहतं, ते मनातल्या मनात मोजते.”

“मग?”

“लग्न झालं तेव्हा जेवढं राहायचं तेवढंच राहतं.” तिनं पदरानं नाक पुसलं आणि आवाज नेहमीचा केला. “आणि दूध?”

मामांनी रिकाम्या हातांकडे बघितलं. दुकान बंद होतं, असं तोंडावर आलं होतं.

“विसरलो,” ते म्हणाले. आणि लगेच, चव घेतल्यासारखं, परत एकदा म्हणाले, “विसरलो गं.”