मी, स्टेट लेव्हल प्लेअर

पापनिवेदनाला मी दर वर्षी जाते. नवऱ्याशी भांडले, सासूबद्दल वाकडं बोलले, ऑफिसातले कागद घरी आणले — सगळं फादरांना सांगून मोकळी होते. हे मात्र त्यांच्यापुढेही कधी तोंडातून निघालेलं नाही. नवऱ्यालाही माहीत नाही. आज तुम्हाला सांगतेय — पण आधी माझा संताप ऐकून घ्या, कारण तो खरा आहे.

मी मूळची वसईची. कतारला, दोह्यात एका इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात नोकरी करते. आमच्या स्टाफची बेसबॉलची टीम आहे — फिलिपिनो नर्स, वॉर्डबॉय, लॅबवाले आणि बस चालवणारा आपला एक मराठी माणूस. उन्हाळा सरला की इंडस्ट्रियल एरियाच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर दर शुक्रवारी सकाळी सामने सुरू होतात. मी चर्चमधली मिस्सा आटोपून थेट तिथे. छत्री, पुलावाचा डबा आणि माझा हा आवाज! एवढ्या वर्षांत एकही सामना चुकवला नाही मी. तापातसुद्धा गेलेय.

आणि यंदा? सीझन सुरू झाल्यापासून एक सामना जिंकलेला नाही. हरा हो, खेळात हरतात माणसं. पण असं? डोक्यावर आलेला चेंडू उन्हाच्या नावाने सोडायचा? बेसवर पोचलेल्या माणसाने चालत पुढे जायचं, बागेत आल्यासारखं? आणि आमचा कॅप्टन मार्लन — हरल्यावर हसतो! म्हणतो, "सिस्टर, नेक्स्ट फ्रायडे, इन्शाल्ला." इन्शाल्ला काय? देवाने येऊन तुझे कॅच घ्यायचे का रे?

पण खरी वाट लागली ती पिचिंगची. चेंडू फेकतो दत्ता — तोच आमचा बसवाला, बीडकडचा. दोन वर्षांपूर्वी तो नुसता टीमला घेऊन यायचा आणि कडेला उभा राहायचा. एकदा लांब गेलेला चेंडू त्याने परत फेकला, तो सरळ बेसवरच्या माणसाच्या हातात! मार्लनने त्याला तिथल्या तिथे टीममध्ये घेतलं. कमरेजवळून आडवा हात फिरवून फेकायचा, चिंचा पाडाव्यात तसा. समोरच्यांना काही कळायचंच नाही. गेल्या सीझनला आम्ही फायनलला गेलो ते त्याच्या जिवावर. मुलगी गावी, बायको गावी, कामगारांच्या कॅम्पात आठ जणांची खोली — पण शुक्रवारी त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

यंदा त्याचे चेंडू कुठेही जातात. वर, बाहेर, एकदा तर पंचाच्या खांद्यावर. चार चेंडू बाहेर गेले की समोरचा फुकटात पहिल्या बेसवर, आणि आम्ही फुकटची धर्मशाळाच उघडली. मी टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'दत्ता प्रॅक्टिस करत नाही. एक फायनल खेळून डोक्यात हवा गेलीय.' त्याखाली पसंतीचे किती अंगठे आले! पुढच्या शुक्रवारी मार्लनने त्याला बाकावर बसवलं.

ही सगळी तुम्हाला सांगायची गोष्ट नव्हतीच. मी टाळतेय — कळतंय मला.

शाळेत असताना आमच्या पीटीच्या सरांनी बेसबॉलची टीम काढली होती. का, ते मराठी माणसाला सांगायला नको. असले खेळ खेळणाऱ्या शाळाच कमी, त्यामुळे जिल्हा पार करून राज्य पातळीवर पोचणं सोपं, आणि राज्य पातळी म्हणजे दहावीला ग्रेस मार्क. सरांना मुली कमी पडत होत्या. मी नाव दिलं. एसटीने गेले, बाकावर बसले, मैत्रिणींच्या बॅगा सांभाळल्या, परत आले. बॅट मी हातात घेतली ती फोटोपुरती. मार्क मिळाले, कॉलेज मिळालं. आणि तेव्हापासून — घरी, लग्न जमवताना, नोकरीच्या इंटरव्ह्यूत — मी स्टेट लेव्हल प्लेअर.

माझ्या मुलीलाही ती लहान असल्यापासून मी हेच सांगत आले. तिला आवडायचं. इथे टीमलाही सांगितलं. मग काय, माझा मान वाढला! मार्लन माझं मत विचारायचा. मी भुवया वर करून उत्तर द्यायचे. सगळं टीव्हीवर बघितलेलं, तेही अर्धवट.

यंदा सीझनच्या आधी दत्ता माझ्याकडे आला. "ताई, तुम्ही खेळलेल्या हायत. माझं बघा की जरा, कुठं काय सुधारायचं असंल तर." काय होतं सुधारायचं? काहीही नव्हतं! 'तुझं बरोबर चाललंय' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण स्टेट लेव्हलच्या बाईला काहीतरी खोट काढता यायला नको? मी म्हणाले, "असा आडवा हात नको. कोपर वर घे, कानाच्या बाजूने फेक. आम्हाला असंच शिकवलं होतं." आम्हाला! त्याने मान डोलावली. रोज ड्युटीनंतर कॅम्पाच्या भिंतीवर चेंडू मारत त्याने ते घोटून घेतलं. म्हणजे प्रॅक्टिस तो करत होता. मला ठाऊक होतं. तरी मी ग्रुपवर ते लिहिलं.

मार्लनवर मी ओरडते, फिल्डरांवर ओरडते. आणि टीम बुडवली कोणी? ज्या बाईने आयुष्यात एक चेंडू झेललेला नाही, तिने. चीड येते मला स्वतःची. एखाद्याकडे शुक्रवारची एक सकाळ असते, तेवढीच, आणि आपण ती आपल्या रुबाबासाठी घेतो — हे काय आहे? याला नाव काय द्यायचं?

परवाच्या शुक्रवारी दत्ता बाकावर होता. पाण्याच्या बाटल्या वाटत होता. सामना संपल्यावर खांदा चोळत माझ्या छत्रीपाशी आला. ग्रुपवरचं माझं लिहिणं त्याने वाचलं होतं — रागाचा मागमूस नव्हता. म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर हाय, मीच कमी पडायलोय. अजून काय चुकायलंय, तेवढं सांगा."

आजूबाजूला कोणी नव्हतं. दोन शब्दांचं काम होतं.

मी म्हणाले, "कोपर अजून थोडं वर घे."

आणि त्याने तिथेच, माझ्यासमोर, दुखरा हात उचलून कोपर अजून थोडं वर घेतलं.