अंतराळ जिंकल्याची जिलेबी

आमच्या घरात टीव्हीगेम आला तेव्हा घरात टीव्ही नव्हता.

आटपाडीपासून आत, जिथं एसटी सुद्धा मनात आलं तरच वळायची, तिथलं आमचं घर. दोन खोल्या, वर पत्रा, दारात चार शेळ्या. पाणी टँकरचं. टँकर आला की शाळासुद्धा सुटायची, कारण गुरुजींनाही हंडा भरायचा असायचा. आमचे आप्पा सैन्यात हवालदार. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, आणि येताना प्रत्येकासाठी एकेक वस्तू आणायचे. त्या वर्षी माझ्यासाठी टीव्हीगेम आणला. दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं की यानं पोरं कॉम्प्युटर शिकतात. टीव्ही लागतो, हे तो सांगायला विसरला!

वर्षभर ते मशीन कोनाड्यात गणपतीच्या शेजारी बसलं. आई रोज गणपतीला एक आणि मशीनला एक फूल वाहायची. (‘असूं दे, कशाचं का असंना!’)

त्यात एकच कॅसेट होती, पण ती लाखमोलाची. ‘नभ के पहरेदार’ नावाची अंतराळातली मालिका तेव्हा रविवारी सकाळी लागायची, तिच्यावरचा तो गेम. मालिका आम्ही गावातल्या उपाध्ये काकांच्या घरी, त्यांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत, पोत्यांवर बसून बघायचो. कॅप्टन आपलं यान घेऊन परक्या ग्रहांच्या सरहद्दीवर गस्त घालतोय, घरी जायचा हुकूम काही येत नाही, अशी ती गोष्ट. सुट्टीत आलेल्या आप्पांनी तिचे चार भाग पाहिले आणि कॅप्टनला सख्खा भाऊ मानला.

‘ह्येला रजा कवा मिळणार रं?’ ते काळजीनं विचारायचे.

शेवटच्या भागाच्या दिवशी सबंध तालुक्याची लाईट गेली. कॅप्टन घरी पोचला की नाही, हे आमच्या गावाला पुढं कित्येक वर्षं कळलं नाही.

पुढच्या वर्षी आमच्याकडे टीव्ही आला आणि मी गेम सुरू केला. एकूण नऊ टप्पे. मी सातव्यात मरायचो. रोज मरायचो. त्यात त्या वर्षीपासून भारनियमन, लाईट फक्त दुपारी बारा ते चार. मी शाळेतून चारला पाच कमी असताना धावत यायचो, पाच मिनिटं खेळायचो, की गेली लाईट! (मशीनला हात लावला की ते गरम लागायचं. आटपाडीचं ऊन, दुसरं काय, म्हणून मी सोडून द्यायचो. हे वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही, म्हणून तर हा लेख.)

सहामाहीला मला गणितात अठरा मार्क पडले. आप्पांना पत्रातून कळवणं भाग होतं. नुसतं कसं कळवणार? म्हणून आधी एक चांगली बातमी घातली, ‘ति. आप्पांस, शि. सा. न. मी गेम पुरा केला. नऊच्या नऊ टप्पे जिंकलो.’ आणि खाली बारीक अक्षरात गणित.

आप्पांनी गणितापर्यंत पत्र वाचलंच नाही! त्यांनी सबंध पलटणीला जिलेबी वाटली. साहेबांनी म्हणे विचारलं, ‘किस खुशी में?’ आप्पा म्हणाले, ‘साब, लडके ने अंतराळ जीत लिया.’

त्या एका ओळीवर माझं पुढचं आयुष्य उभं आहे. बारावीनंतर मामा म्हणत होते, पोराला भरतीला पाठवा. आप्पा म्हणाले, ‘न्हाई. त्याचं डोकं मशीनचं हाय. सांगलीला कॉम्प्युटरच्या कॉलेजात जाईल.’ गेलो. आमच्या खानदानात पहिला पदवीधर झालो. त्याचा मला अभिमान आहे, लपवायचं काय त्यात? आज शिरवळच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. पदवीचं सर्टिफिकेट गावच्या घरी फ्रेम करून टांगलंय. साताऱ्याला मुलगी बघायला गेलो, तिथंही आप्पांनी पदवी राहू दिली बाजूला आणि आधी अंतराळ काढलं. शुभांगी, म्हणजे माझी बायको, अजून म्हणते, ‘मला वाटलं, स्थळ रॉकेटचं काम करतंय.’

आणि यंदा दसऱ्याच्या आठवडाभर आधी आप्पांचा फोन आला.

‘संज्या, खुकरीला तेल लावाय ट्रंक उघडली. तुजं मिशीन घावलं. चालू हाय!’

‘वा!’ मी म्हणालो.

‘आता दसऱ्याला ये आन् शेवट दाव. त्यो कॅप्टन घरी गेला का न्हाई, येवढं बघायचं ऱ्हायलंय माजं.’

‘आप्पा, मोबाईलवर शोधू की...’

‘मोबाईल नगं. तू जितलायस न्हवं? मग तूच दाव. आता पंच्याहत्तरी झाली गड्या, किती दिस थांबू?’

आता सांगा, काय करणार? रजा टाकली आणि चार दिवस आधीच गावी हजर झालो. जुना डबा टीव्ही अजून माजघरात होता, विणलेल्या रुमालाखाली. गेम लावला. लहानपणी मला वाटायचं, सगळं ब्रह्मांड त्या काचेत मावलंय. आता बघतो तर कॅप्टन म्हणजे आठ चौकोन. त्यातला एक मिशीचा. ग्रह भाकरीसारखे, तेही एका बाजूनं करपलेले. शत्रूची यानं तर हुबेहूब आमच्या बागेतली डाळिंबं!

माझी मुलगी मनवा, वय अकरा, तिनं बराच वेळ बघितलं. ‘बाबा, हे लोड होतंय का हेच ग्राफिक्स आहेत?’

‘तू गप.’

‘आणि तुम्ही मेलात.’

मी मेलो होतो. दुसऱ्याच टप्प्यात. मग सुरू झाली तपश्चर्या! आप्पा शेताकडं गेले की मी टीव्हीपुढं. आले की हातात स्क्रू-ड्रायव्हर.

‘काय चाललंय रं?’

‘सर्व्हिसिंग, आप्पा.’

‘तीन दिस? आमी तोफ आर्ध्या तासात खोलून जोडायचो!’

शुभांगीला खरं सांगावं लागलं. ती हसून हसून चुलीपुढच्या पाटावरून पडायची राहिली. ‘म्हणजे आमची सोयरीक खोट्या अंतराळावर झाली?’ आई भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली. मला वाटलं, म्हातारीला यातलं काय कळणार!

खंडेनवमीच्या सकाळी चमत्कार झाला. सातवा टप्पा ओलांडला! आठवा ओलांडला! नववा उघडला! बोटांना घट्टे पडले होते, पण तीनपैकी एक जीव शिल्लक होता. मी गेम तिथंच थांबवून ठेवला. बेत असा, की आंघोळ करायची, आप्पांना पाटावर बसवायचं, आणि ‘हे काय, सहज’ अशा चेहऱ्यानं शेवट दाखवायचा. त्या जुन्या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नसते, हे सांगायला नको. मशीन बंद झालं की पुन्हा पहिल्यापासून.

मी न्हाणीत गेलो. अंगावर दुसरा तांब्या घेतो न घेतो तोच आप्पांचा आवाज आला, ‘संज्या! मिशीन पूजंला मांडलंय रं!’

तसाच, साबणासकट, टॉवेलवर धावलो.

पाटावर सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती. विळा, खुरपं, मोटारीचा पाना, आप्पांची खुकरी, माझा लॅपटॉप, भिंतीवरून काढलेलं माझं पदवीचं सर्टिफिकेट, आणि मधोमध, झेंडूच्या माळेत, टीव्हीगेम. वायर गुंडाळून ठेवलेली. कॅसेट काढून शेजारी विड्याच्या पानावर!

‘आप्पा! कॅसेट का काढली?’

आप्पा माझ्याकडं, रंगरूटाकडं बघावं तसं बघायला लागले. ‘भरल्यालं हत्यार पूजंला ठेवत्यात व्हय? आधी खाली करायचं, तपासायचं, मग ठेवायचं. तीस वर्सं ह्येच केलं मी. काडतूस भायेर, नळी मोकळी!’

एवढं बोलून त्यांनी मशीनच्या त्या मोकळ्या खाचेत चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू सोडलं. वर पळीभर पाणी.

‘आता उद्या पूजा उठंस्तवर कुनी हात लावायचा न्हाई.’

मी पाटासमोर हात जोडून उभा राहिलो. आप्पांना वाटलं, भक्ती.

दसऱ्याला पूजा उठली. मनवाच्या जुन्या टूथब्रशनं मी खाचेतली हळद काढली, कॅसेटमध्ये फुंकर मारली, पुन्हा फुंकर मारली, मशीन उन्हात वाळवलं. चालू झालं! (त्या काळच्या वस्तू हळदीनं मरत नाहीत, उलट बऱ्या होतात.) पुरणपोळ्या झाल्यावर आप्पा धुतलेला सदरा घालून टीव्हीपुढं बसले. गस्तीवर बसावं तसे, ताठ.

‘हं. दाव.’

पहिला टप्पा झाला. दुसरा कसाबसा झाला. तिसऱ्यात एका डाळिंबानं मला गाठलं. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. तिन्ही जीव संपले. पडदा काळा झाला.

‘पोळ्या जड झाल्या असतील,’ आप्पा समजुतीनं म्हणाले. ‘पुन्यांदा खेळ.’

त्या समजुतीनं माझा बांध फुटला. ‘आप्पा, मी कधीच जिंकलो नव्हतो. सातव्याच्या पुढं गेलोच नव्हतो. गणितात अठरा पडले होते, म्हणून पत्रात खोटं लिहिलं.’

आप्पांनी धुतलेल्या सदऱ्याचं वरचं बटण सोडलं.

‘सबंद पलटनीनं खाल्ली रं जिलेबी,’ आप्पा हळूच म्हणाले. ‘साहेबानं दोनदा घेटली.’

ते उठायला लागले. कॅप्टन घरी गेला की नाही, हे आता त्यांना कधीच कळणार नव्हतं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

‘आवं, बसा खाली. जिलेबी वाया न्हाई गेली.’ आणि मला म्हणाली, ‘दे हिकडं त्यो रिमोट. सरक.’

‘आई, तुला...’

‘सरक म्हनती न्हवं!’

आई मांडी घालून बसली. रिमोट धरायची तिची तऱ्हा बघूनच मनवानं तोंडावर हात ठेवला. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आईचा चेहरा तांदूळ निवडताना असतो तसा.

‘ही डाळिंबं रांगनं येत्यात. समदी मारायची न्हाईत. तीन सोडायची, चौथं घ्यायचं. बागंत फळं इरळ करतुया तसं. तू समद्यास्नी मारत सुटतुयास, म्हनून मरतुयास.’

‘आई, तू हे कधी...’

‘दुपारची. तू साळंत, शेरडं सावलीला, आन् लाईट आसायची. आणिक काय करू?’

मशीन गरम का लागायचं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

‘मग सांगितलं का न्हाईस?’ आप्पा ओरडले.

‘तुमी कवा इचारलं? आन् हवालदारीनबाई दुपारचं अंतराळात जाती म्हनल्यावर गल्लीनं मला पान्याला टँकरपाशी हुबी केली आसती व्हय?’ नजर पडद्यावरून न हलवता ती म्हणाली. ‘शिवाय पोरानं बापाला कळीवलं हुतं. म्हनलं, घरातच जितलंय न्हवं? आसूं दे.’

सातवा गेला. (एक जीवही न गमावता!) आठवा गेला. नवव्यात एक तांबडं दार आलं. मी वरून गेलो असतो, आई खालून गेली. एक मोठ्ठं डाळिंब फुटलं, आणि सगळे तारे एकदम विझून पुन्हा लागले.

कॅप्टनचं यान एका करपलेल्या भाकरीवर उतरलं. आठ चौकोन खाली आले. समोर चार चौकोनांचं घर, दारात दोन चौकोनांचं कुणीतरी उभं. खाली इंग्रजी अक्षरं उमटली.

आप्पा पुढं सरकले. ‘काय लिवलंय? वाच, वाच!’

मी वाचलं, ‘पहारेकरी, तुझी पाळी संपली. तू घरी आलास.’

आप्पांनी टोपी काढली, टॉवेलनं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले. मग म्हणाले, ‘मिळाली एकदाची रजा.’

‘मला ठावं हुतं की,’ आई उठत म्हणाली. ‘वाचता येत न्हाई मला, पर दारात बाई हुबी दिसतीया. घरी आल्याबिगर कशाला हुबी ऱ्हाईल?’

संध्याकाळी सोनं वाटायला निघताना आप्पांनी सोबत जिलेबी घेतली. दारोदार आपट्याचं पान द्यायचे, पाया पडून घ्यायचे, आणि वर जिलेबी ठेवून सांगायचे, ‘मागं पलटनीत वाटली ती चुकीच्या नावानं वाटली. ही खरी.’ परत आल्यावर त्यांनी माझं सर्टिफिकेट पूजेच्या पाटावरून उचललं, हळद झटकली, भिंतीवरचा खिळा शोधला आणि आईकडं बघून म्हणाले, ‘चुकीचं मानूस कॉलेजात घाटलं आपन!’

तर आमच्या घरात तो गेम अखेर पूर्ण झाला. नऊच्या नऊ टप्पे आईनं जिंकले, आणि खानदानातल्या पहिल्या पदवीधरानं शेवटच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. त्यातही स्पेलिंग चुकलेला एक शब्द मनवानं हळूच लावून दिला!