खुर्चीवरची बॅग

बहरीनमधल्या मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमधला दिगंबर माझा जुना विद्यार्थी. शाळेत कधी खोटं बोलला नाही. दोन वर्षांची लीव्ह साठवून तो एकटाच इक्वेडोरचा कोटोपाक्सी ज्वालामुखी चढायला गेला. क्विटो शहरातल्या खानावळीत, बहरीनच्या हूरा वस्तीतल्या सवयीनं, जागा धरायला बॅग खुर्चीवर ठेवून तो हात धुवायला गेला. परत येईपर्यंत बॅग गेली होती. गरम कपडे तिच्यातच होते. डोंगरावर तो इतका गारठला, की बर्फ सुरू होण्याआधीच माघारी फिरला.

“बाई, फोनवर हेमा फार खूश होती. शिखरावर पोचलो म्हणालो,” बायकोशी झालेलं बोलणं त्यानं मला एकटीला सांगितलं.

परवा त्यांच्याकडे जेवताना हेमानं विचारलं, “बर्फ हाताला कसा लागतो हो?”

“थंड,” म्हणून तो ताटाकडे बघत राहिला.