बोडीतला शिवडा

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. ती बिचारी जाईपर्यंत म्हणायची, यांच्या पोटात काही राहत नाही. राहतं की! हे राहिलं. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर मध्ये बोलू नका, नाहीतर मी पुन्हा शेपूट घालीन.

सन पन्नासनंतरची ती वर्षं. चांदा जिल्ह्यात, चिमूरच्या पुढे, तलावाकाठच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. लग्न व्हायचं होतं, डोक्यात हवा होती. एका सुट्टीत मुंबईला गेलो आणि तिथे काचेच्या हौदात समुद्रातले मासे पाहिले. त्यात एक मुशी होती – शार्क म्हणतात, त्यातली लहान जात. बाकी सगळे मासे कोपऱ्यात दाटलेले आणि ही एकटी मधून फिरत होती. मला ती हवीच झाली. का? काय सांगू – गावात कोणाकडे नसलेली वस्तू आपल्याकडे असावी, दुसरं काय!

जुन्या खिडकीच्या काचा, रॉकेलच्या डब्याचा पत्रा आणि डांबर, एवढ्यावर पेटी केली. समुद्र करायचा म्हणून पाण्यात पायलीभर मीठ ओतलं. तलावातला मासा त्यात सोडला, तो दुपारपर्यंत उलटा. सोमा ढीवर दारात उभा राहून पोट धरून हसला. "गुरुजी, माशाचं लोणचं घालून राह्यले काय?"

हा सोमा. गावात मला पहिल्यांदा जेवायला बोलावणारा माणूस. मासेमारीवर घर चालवायचा. त्यानेच मला वीतभर शिवडा आणून दिला – अंगावर खवले नाहीत, लांब मिशा, गालापर्यंत फाटलेलं तोंड. "घ्या, ही आपल्या पाण्यातली मुशी. पण याले जित्ता मासाच लागते."

गाव बघायला लोटलं. मी फुगलो. शिवडाही फुगला म्हणा – आषाढापर्यंत हातभर झाला, काचेवर धडका मारायला लागला, डांबर सुटून घरभर पाणी. सोमा म्हणाला, "आता नदीत सोडा त्याले. तलावात नको, अन् बोडीत तर बिलकूल नाई."

बोडी म्हणजे शाळेमागचं लहान तळं. ढीवर लोक दर उन्हाळ्यात ते पार कोरडं करायचे, तळाला भेगा पडेपर्यंत, म्हणजे पिल्लं खाणारा एकही मासा त्यात उरू नये. मग पावसात माशांची जिऱ्याएवढी पिल्लं फडक्याने गाळून त्यात सोडायची, कार्तिकापर्यंत वाढवायची आणि मोठ्या तलावात न्यायची. पुढच्या वर्षीचं सगळ्यांचं पोट त्या बोडीत. राखणीला दर वर्षी एक घर. त्या वर्षी सोमाचं होतं.

नदी दोन कोस. चिखल गुडघाभर. बादली जड, वरून भुरभुर. मी बोडीपाशी आलो, थांबलो – आणि कंटाळलो. बस, एवढंच! काही मोठं कारण असतं तर सांगितलं नसतं का? एकच तर मासा, म्हटलं, आणि बादली उपडी केली. परत आल्यावर सोमाने विचारलं, सोडला काय? मी म्हणालो, सोडला, नदीत.

कार्तिकात बोडीत फडकं ओढलं. हंडे भरून पिल्लं निघायची, तिथे एक हंडाही भरेना. शिवडा बेटा पाणी सोडायच्या दगडी मोरीत आत जाऊन बसला असणार. तो कोणाला दिसला नाही. बोडी तर कोरडी केलेली, मग पिल्लं खाल्ली कोणी? लोकांनी सरळ हिशेब केला – राखणदाराने दुसऱ्या गावाला विकली.

ढीवर समाजाची पंचायत बसली. मलाही बोलावलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "गुरुजी, तुमचा तो शिवडा कुठी सोडला?" तेवढ्यात – ऐका हे – सोमाच उसळून बोलला, "गुरुजीले काऊन विचारता? नदीत सोडला त्यायनं. गुरुजी कायले लबाड बोलतीन?"

मी होकारार्थी मान हलवली.

सोमाचं जाळं बंद झालं. तलावात उतरायचं नाही, माशाला हात लावायचा नाही, कोणी त्याला मासा द्यायचा नाही. आणि चोर हे नाव. त्याची बायको गिरजाबाई मजुरीला जायला लागली. मी रोज त्यांच्या पोरांना शाळेत बेरजा शिकवत होतो.

खोटं बोललो, हे तुम्हाला कळलं. पण सांगायचं होतं ते हे नाही.

वैशाख आला. बोडी आटत चालली. चार दिवसांत लोक ती उपसणार, शिवडा सापडणार, सोमा सुटणार आणि मी अडकणार. तेव्हा तरी तोंड उघडायचं? नाही. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी मोरीपाशी चिखलात उतरलो. तो तिथेच होता, केवढा दांडगा झालेला! काठीने ठेचला, गोणपाटात गुंडाळला आणि पुरायला निघालो.

वाटेत गिरजाबाई. डोक्यावर तेंदूपानाचं ओझं. गोणपाटातून शेपूट बाहेर आलेलं मला दिसलं नव्हतं, तिला दिसलं.

"मासा हाये काय, गुरुजी?"

"नदीचा," मी म्हणालो.

ती काही वेळ त्या शेपटाकडेच बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पोरायनं दिवाळीपासून मासा पाह्यला नाई."

मी तो तिला दिला. दया आली असं समजू नका, मेहरबानी करून समजू नका. माझ्या मनात त्या क्षणी एकच होतं – पुरला तर कुत्री उकरतील, यांच्या पोटात गेला की कायमचा गेला. तिने मला हात जोडले, आणि मी ते जोडू दिले.

संध्याकाळी सोमा आला. आत या म्हटलं, आला नाही. नदीचा शिवडा पांढुरका असतो, बोडीतला काळपट, आणि त्याच्या मांसाला गाळाचा वास येतो. हे मला त्यानेच एकदा शिकवलं होतं.

"गुरुजी," तो म्हणाला, "मासा बोडीचा होता."

मी कंदिलाची वात वर केली.

"गिरजीनं शिजवला, पोरायनं खाल्ला. मी शेतावरून आलो, शेवटचा तुकडा तोंडात घातला, तवा समजलं. आता कोणाले काय दाखवू? काटे?"

तो वाट बघत उभा होता. माझ्यावर ओरडला नाही, माझी गचांडी धरली नाही. मी एक शब्द बोललो असतो तर त्याचं जाळं परत मिळालं असतं, आणि मी बोलावं एवढ्यासाठीच तो आला होता. पुढच्या आठवड्यात ते घर बांबू तोडायला भामरागडकडे गेलं, ते परत आलं नाही. पण तेव्हा, त्या संध्याकाळी, तो माझ्या दारात उभा होता.

मी त्याच्याकडे बघून म्हणालो, "नाही सोमा, नदीचाच होता."