ज्या रस्त्याने नेलं

माझे मामा शहराचे पोलीसप्रमुख होते. आमच्या घरात त्यांच्या हुशारीवर शंका घेणं म्हणजे थेट आईशी वैर. साधे फौजदार असताना त्यांना एक युक्ती सापडली आणि तिच्याच जोरावर ते वर चढले: पकडलेल्या माणसाला दोरी बांधून त्याच्याच गल्लीतून पायी फिरवायचं. कोर्ट आपलं सावकाश ठरवेल. गल्लीचा निकाल तिथल्या तिथे लागायचा. वर्तमानपत्रं खूश, मामा खूश. वकील ओरडायचे, चौकश्या बसायच्या आणि बसल्या जागी झोपी जायच्या.

मग एका बंगल्यात चोरी झाली. कुलूप शाबूत, म्हणजे काम किल्लीवाल्याचं! मामांनी चौकातल्या किल्लीवाल्याची भर बाजारातून धिंड काढली. पुढे खरा चोर सापडला: बंगलेवाल्याचाच जावई. त्याची धिंड निघाली नाही. त्याला मामांच्या कचेरीत चहा मिळाला.

सुटलेला किल्लीवाला मामांच्या घरी आला, तेव्हा मी तिथेच होतो.

"साहेब, घराची किल्ली आता माझ्या हातात कोण देणार?"

"निर्दोष असल्याचं पत्र देतो ना!"

"पत्र घेऊन दारोदार फिरू? ज्या रस्त्याने नेलंत, त्याच रस्त्याने माझ्याबरोबर चला. बोलू नका काही. नुसते चला."

मामा हसले. "अरे, चालत कशाला? मानाने पोहोचवतो तुला."

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजवत पोलिसांची गाडी बाजारातून गेली. दोन शिपायांच्या मध्ये किल्लीवाला. मामा बढतीच्या मुलाखतीला गेले होते. बाजाराने बघितलं आणि ठरवून टाकलं: पुन्हा धरला! चौकात उतरताना एका शिपायाने आदराने त्याचं कोपर धरलं, तेवढं पुरलं. त्याच्या टपरीच्या जागामालकाने त्याचं किल्ल्या घासायचं यंत्र उचलून फुटपाथवर ठेवलं. शिपाई समजवायला पुढे झाले, तशी गर्दी दुप्पट झाली.

"अहो, चार पावलं चालला असतात तर पाय झिजले असते का?" मामींनी जेवायला वाढताना विचारलं.

"सरकारी गाडी दिली होती की!" मामा खरोखरच दुखावले होते.

किल्लीवाला गाव सोडून गेला. मामांना बढती मिळाली. निरोपसमारंभात त्यांनी भरल्या गळ्याने सांगितलं, "एका गरिबाला मी स्वतःच्या अधिकारात सरकारी गाडीतून मानाने पोहोचवलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जास्त वेळ आई वाजवत होती. मामी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.