लाल ठिपका

मीटरकाकांचं खरं नाव पगारपत्रकालाच काय ते ठाऊक. सत्तावीस वर्षं माणसानं कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकच काम केलं. भांड्यात पाणी घ्यायचं, त्यात लोखंडाचा तुकडा सोडायचा, यंत्रातून बारीकसा करंट द्यायचा आणि गंज किती वेगानं चढतोय ते सांगायचं. बोलायला सोपं हो! पण मधलं पाणीही करंटला अडवतं. ती अडवणूक वजा केली नाही, तर लोखंडच चिवट वाटतं आणि गंज आहे त्याहून कमी दिसतो. वजाबाकीसाठी यंत्राला एक बटण होतं. ते जास्त फिरलं की यंत्र पिसाळायचं, काटा थयथया नाचायचा. म्हणून काकांनी बटणाशेजारी लाल ठिपका काढलेला. त्यापुढे कोणी नेलं की खेकसायचे, "रेडिओचा आवाज वाढवताय का?"

त्यांच्याकडे यायचं ते बहुतेक खारट पाणी, आणि त्याला ठिपका बरोबर होता. तीन महिन्यांपूर्वी मात्र कारखान्याच्याच उंच लोखंडी टाकीचं पाणी आलं, सगळे क्षार काढून टाकलेलं. असलं पाणी करंटला भलतंच अडवतं. काकांनी सवयीनं बटण ठिपक्यावरच ठेवलं आणि 'टाकी दहा वर्षं ठणठणीत' म्हणून सही ठोकली. त्या सहीच्या भरवशावर त्याच कारखान्यात असलेल्या त्यांच्या जावयानं टाकीखालच्या शेडमधली बदली हसत घेतली. "बाबांनी मोजलंय, मग घोर कसला?"

निवृत्तीला आठ दिवस उरले होते. दुपारी कपाट आवरताना त्याच पाण्याची उरलेली बाटली हाती लागली. काकांनी गंमत म्हणून पुन्हा मोजलं आणि बटण ठिपक्यापुढे नेलं. यंत्र शांत. आणखी पुढे नेलं, तरी शांत. गंजाचा आकडा तेवढा चाळीसपट झाला; म्हणजे दहा वर्षांची टाकी जेमतेम तीन महिन्यांची, आणि ते तर उलटलेले. काका तसेच साहेबांकडे गेले आणि आकडा दाखवला.

साहेब म्हणाले, "सोमवारी बघू. निरोपसमारंभ तोंडावर आलाय, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?" काकांना संताप यायला हवा होता. त्यांना हायसं वाटलं. शरमेची गोष्ट, पण वाटलं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई कामावर जाताना नेहमीसारखा डोकावला, उभ्या उभ्या चहा प्यायला.

"बाबा, चेहरा का उतरलाय?"

"झोप नाही लागली."

तो गेला. त्याच्या कपात घोटभर चहा उरला होता. तो ओतून द्यायला काकांचा हात काही उचलेना. कप तसाच टाकून ते घरच्या कपड्यांत कारखान्याकडे धावत सुटले.

"टाकीखालची माणसं बाहेर काढा!" फाटकावर ते ओरडले. "माझं माप चुकलंय!"

अकरा माणसं कुरकुरत बाहेर आली. एक म्हणाला, "काका, निवृत्त तुम्ही होताय आणि सुट्टी आम्हाला!" सगळ्यांच्या मागून जावई आला. काकांनी धापा टाकत ठिपक्याचं सगळं सांगितलं.

"चूक कुणाच्याही हातून होते, बाबा," तो म्हणाला. "जिवाला लावून घेऊ नका. कधी कळलं?"

"काल दुपारी."



"म्हणजे सकाळी मी चहा पीत होतो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो," काका म्हणाले.

जावयानं मान वळवली. "चला रे, आणखी लांब सरका," असं इतरांना म्हणाला आणि त्यांच्याबरोबर निघून गेला.