चौथ्या फोनची जागा

भूत, देव, अंगात येणं... हे सगळं मी आयुष्यभर थुंकून टाकलं. माझं शिक्षण चौथी नापास, पण डोकं जागेवर आहे. तरी हे लिहितोय, कारण गावातल्या लोकांनी त्याचा पार चोथा केला.

मी कळसाडीचा, तालुका शहादा. बायको मथाबाई उन्हाळ्यात गेली. आमच्या घरची रीत अशी, की मेलेल्याचा जीव ज्यात अडकला ती वस्तू राखेबरोबर तापीत सोडायची. माझ्या आईची तंबाखूची डबी सोडली होती. मथीचा जीव फोनमध्ये. दुपारभर भजनं लावून बसायची.

सून म्हणाली, "आबा, चांगला फोन शे, पानीमा कसाले टाकतस?"

"जीव तिन्हा त्यामाच व्हता," म्हटलं, आणि प्रकाशा गावाच्या घाटावर मी माझ्या हातानं तो खोल पाण्यात सोडला. बुडालेला पाहिला.

मग पोरानं मला नवा फोन आणला. आमच्या घरात टॉवर धरत नाही, सगळं त्या वायफायच्या डब्यावर. सुरतेची लेक रोज तोंड दाखवून बोलते, माझा तेवढाच विसावा. पण डबा मला आत घेईना!

वायफायवाला आला. त्यानं आपल्या फोनवर डब्याचं पान उघडलं. "आबा, या कनेक्शनले चारच चालतस. पोरगा, सून, टीव्ही नि मथाबाई. हाई मथाबाई कोन शे? तिन्हा फोन चालू शे."

"मन्ही बायको. तापीमा शे."

तो हसला. पोरगं चिडलं, "आबा, मरेल मानूस फोन वापरस का? जुनं नाव राही गयं व्हई."

वायफायवाल्यानं पुन्हा पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "जुनं नही, भाऊ. आत्ते नेट खाई ऱ्हायना."

तिच्या भजनांची वेळ, दुपारच होती...

शेजारणीच्या कानावर गेलं. "मथाबाई घर उनी वं माय!" म्हणत, ती घरी परतली असं धरून बायका आल्या, डब्याला कुंकू लावलं, अगरबत्ती खोचली. जिवंत होती तेव्हा तिला कोणी पाणी विचारलं नाही, आणि आता प्लास्टिकच्या पाया पडतात! किळस आली. सगळ्या बायकांना हाकललं.

"तिन्हं नाव काढ," मी वायफायवाल्याला म्हटलं. तोंडातून निघालं खरं, पण डब्याकडे पाठ केली.

"एकलाच फोन काढानी सोय या डब्बामा नही. काढना तर सर्वा काढना पडतीन."

कसला हा भिकार डबा! चार बैलांच्या गोठ्यातून एक बैल सोडता येतो, आणि याला एक नाव सोडता येत नाही. तरी म्हटलं, काढ. त्यानं सगळं पुसलं. पासवर्ड नवा टाकला, तो फक्त पोराला सांगितला. पोराचा फोन जोडला, मग सुनेचा, मग टीव्ही. शेवटी माझा.

घेईना.

वायफायवाल्यानं पान माझ्यापुढे धरलं. एवढं वाचता येतं मला. चौथं नाव... मथाबाई.

"पासवर्ड कोनी दिधा?" पोरगा सुनेवर ओरडला. ती रडायला लागली. ज्यानं दिला असेल त्यानं मला येऊन सांगावं. त्या वायफायवाल्यालाही विचारलं, तो तारा तपासत बसतो. आणि उत्तर आपल्याकडे आहे असं जे म्हणतात ते सगळे लबाड.

आता लेकीशी बोलायचं तर मी बांधावर जातो, उन्हात उभा राहतो. ती म्हणते, आबा, घरात का नाही बोलत?

वायफायवाला परवा पुन्हा आला होता. म्हणे, मोठा डबा बसवू, त्यात खूप फोन मावतात, तुम्ही दोघं आरामात याल. पोरगं खूश झालं.

मी नको म्हटलं. हाच सडका डबा राहू द्या. नव्यात मला घेतलं, आणि ती आलीच नाही तर?